जरा बाजूला व्हा

त्या बाईंच्या एका हातात भाजीची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकमध्ये बांधलेला पाण्याच्या बाटल्यांचा गठ्ठा. पिशवीतून लीकची जाड हिरवी पात आणि लांबुळक्या पावाचं टोक बाहेर आलेलं. वय सत्तरीच्या पुढचं असावं. दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोनच्या कोटाच्या आत, सां-नाझेरच्या चर्चकडे चढत जाणाऱ्या एका बोळातून त्या आपल्या चालीनं निघाल्या होत्या. बोळाच्या वरच्या टोकाला एका तरुण जोडप्याचं फोटो काढणं चाललं होतं. मुलगी मखमली झगा घालून एका दगडी कमानीखाली उभी, मुलगा गुडघ्यावर बसून कॅमेरा लावतोय. बाई मधे आल्या तसा त्यानं हात हलवला. हसतच, अगदी अदबीनं, पण अर्थ स्पष्ट: जरा बाजूला व्हा. बाई भिंतीला टेकल्या, बाटल्या पायाशी ठेवल्या. दोन फोटो झाले, मुलीनं केस सारखे केले, आणखी दोन झाले. मग बाईंनी बाटल्या उचलल्या, थोडं वर जाऊन एका निळ्या दाराला किल्ली लावली आणि आत गेल्या.

त्या तिथं राहत होत्या.

यात रागावण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. मुलगा उद्धट नव्हता, बाईंच्या चेहऱ्यावर वैतागही दिसला नाही. माझी भाची तर म्हणाली, "अगं मावशी, रोजचंच असेल त्यांना." तेच मला खुपलं असावं. बाजूला होण्यात एक सराव होता. कुठं टेकायचं, बाटल्या कुठं ठेवायच्या, किती वेळ थांबायचं हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं. त्या दिवशी उरलेला किल्ला मी पाहिला तो या बाईंना मनातून बाजूला न करता आल्यामुळे जरा तिरकाच पाहिला. घरी आल्यावर वाचलं त्यातही डोळे सारखे त्याच एका गोष्टीवर अडत राहिले, की या कोटातून कुणाला केव्हा बाहेर काढलं.

भाची तुलूझला असते. तिथून आगगाडीनं तासाभराच्या आत कार्कासोन. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच कानाल द्यू मिदीचं संथ हिरवं पाणी आणि एक लॉकगेट. सतराव्या शतकातला हा कालवा. तोही जागतिक वारशात आहे, पण त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो, सगळ्यांना टेकडीवरचा किल्ला गाठायचा असतो. आधी खालचं शहर लागतं, काटकोनात आखलेल्या रस्त्यांचं. औषधांची दुकानं, शाळा सुटलेली पोरं, बँका, चौकात भाजीबाजार. मग ओद नदीवरचा चौदाव्या शतकातला जुना पूल. या पुलाच्या मध्यावर आपण थांबतोच, कारण तिथून पहिल्यांदा अख्खा किल्ला एका नजरेत येतो. दोन तटबंद्या एकीत एक, मिळून सुमारे तीन किलोमीटरचा तट, ५२ बुरूज आणि बुरुजांवर करड्या निमुळत्या टोप्या. ऑक्टोबरचं ऊन होतं आणि वायव्येकडून येणारा सेर्स वारा असा सुटला होता की ओढणी सांभाळता सांभाळता पुरे झालं. पुलावर माझ्या तोंडून आपसूक "अहाहा" निघालं. आणि लगेच आतून कुणीतरी बोललं, की हे जरा जास्तच सुंदर आहे.

आपण किल्ल्यांवर वाढलेली माणसं. दर पावसाळ्यात चिखल तुडवत वर जायचं, पडका चौथरा दाखवून कुणीतरी सांगायचं की इथं सदर होती, आणि आपण त्या हवेत सदर उभी करायची. पडझड ही आपल्याला किल्ल्याची खूणच वाटते. त्यामुळे एकही चर्या न ढासळलेला, बुरुजांवर छपरं असलेला, फांजीवरून फेरी मारता येते असा किल्ला समोर आला की कौतुकाआधी संशय येतो. हे बांधलं कधी?

याचं उत्तर तटाला नाक लावून उभं राहिलं तर दिसतं. उत्तरेकडच्या बाजूला, दोन तटांच्या मधल्या मोकळ्या पट्टीत आम्ही उतरलो. तिथं आतल्या तटाचा एक भाग रोमन काळाच्या अखेरचा आहे. लहान लहान चौकोनी दगड, आणि दर थोड्या अंतरावर विटांचे आडवे तांबडे थर. विटा चपट्या, आपल्या बोटभर जाडीच्या, मधला चुना खडबडीत. हात फिरवला तर तळव्याला वाळू लागते. तेराव्या शतकात राजाच्या माणसांनी बाहेरचा तट बांधताना मधली जमीन खोदून खाली नेली, सपाट केली. तशी या रोमन भिंतीच्या पायाखालचीच जमीन गेली. मग त्यांनी तिला खालून नवं बांधकाम घालून आधार दिला. म्हणजे आज तिथं जुनी भिंत वर आहे आणि तिच्या खाली तिच्याहून हजार वर्षांनी लहान असलेलं दगडकाम. डावीकडे थोडं चाललं की वेगळाच दगड सुरू होतो, मोठे घडीव चिरे, कडा तासलेल्या आणि पोट फुगीर ठेवलेलं. ते तेराव्या शतकाच्या अखेरचे, राजा तिसरा फिलिप याच्या काळचे. आणि वर चर्यांजवळ एकसारखा, फारच नीटनेटका दगड दिसला की समजायचं, हा एकोणिसाव्या शतकातला. एका भिंतीत तीन राजवटी आणि एक सरकारी खातं. भाचीनं एका विटेवर बोट ठेवून विचारलं, "हे खरं रोमन?" मी हो म्हटल्यावर तिनं बोट पटकन मागं घेतलं. जणू विटेला इजा होईल.

बाहेरच्या तटाचे बुरूज आतल्या बाजूनं उघडे आहेत, पाठीला भिंतच नाही. आधी वाटलं पडली असेल. पण ती मुद्दामच नाही बांधलेली. शत्रूनं बाहेरचा बुरूज जिंकला तरी त्याला तिथं लपता येऊ नये, आतल्या तटावरून त्याच्या उघड्या पाठीत बाण घालता यावेत, अशी सोय. आपल्या पडकोटांमागचा हिशोब साधारण असाच, पण इथं तो इतक्या कोरडेपणानं दगडात मांडलाय की अंगावर काटा येतो. किल्ला बांधणारा पहिल्यापासूनच हरण्याची तयारी ठेवून बांधतो, हे अशा उघड्या बुरुजात उभं राहिल्यावर नीट कळलं.

पूर्वेच्या नार्बोन दरवाजापाशी दाम कार्कासचा दगडी अर्धपुतळा आहे. इथला प्रत्येक गाइड तिची गोष्ट सांगतो. फ्रँकांचा राजा शार्लमेन यानं पाच वर्षं वेढा घातला, आतलं धान्य संपत आलं. राज्य करणाऱ्या या विधवा बाईनं शेवटचं डुक्कर शेवटच्या गव्हावर पोसलं आणि तटावरून खाली फेकलं. डुक्कर फुटलं, पोटातून गहू सांडला, आणि आत डुकरांनाही गहू खायला मिळतो म्हणजे अजून वर्षानुवर्षं पुरेल इतकं असणार, असं समजून वेढा उठला. बाईनं घंटा वाजवल्या, त्यावरून गावाचं नाव पडलं म्हणे. आता गावाचं नाव रोमनांनाही ठाऊक होतं, आणि शार्लमेनचा बाप पेपँ याच्या काळातच हा मुलूख फ्रँकांकडे आला होता, तेव्हा वेढ्याला जागाच उरत नाही. पण ती गोष्ट मला आवडली. प्रत्येक किल्ल्याला एक तरी बाई लागते, जिनं इतिहासाच्या पुस्तकात न बसणारं काहीतरी केलेलं असतं. हिरकणीच्या बुरुजापाशी आपण कुठं पुरावे मागतो? गंमत एवढीच वाटली, की कार्कासोनला खरा वेढा पडला तेव्हा असं कुठलंच डुक्कर कामी आलं नाही.

तो वेढा १२०९ चा. दक्षिण फ्रान्सच्या या भागात काथार नावाचा, चर्चला पाखंडी वाटणारा ख्रिस्ती पंथ पसरला होता, आणि पोप तिसरा इनोसंट यानं त्याच्याविरुद्ध धर्मयुद्ध पुकारलं. म्हणजे ख्रिस्ती सैन्य ख्रिस्ती गावांवर चालून आलं. २२ जुलैला त्यांनी बेझिए घेतलं आणि तिथं कत्तल केली. माणूस काथार आहे की कॅथलिक हे कुणी बघत बसलं नाही. कार्कासोनचा धनी रेमाँ-रोझे त्राँकावेल हा चोवीस वर्षांचा होता, स्वतः कॅथलिक, पण आपल्या मुलखातल्या काथारांच्या हात धुऊन मागं लागला नाही एवढा त्याचा अपराध. बेझिए सोडताना तिथल्या यहुद्यांना तो बरोबर घेऊन आला होता. १ ऑगस्टला वेढा पडला. आसपासच्या खेड्यांतली माणसं, गुरं सगळी आत शिरलेली, ऐन उन्हाळा, नदी शत्रूच्या हातात गेलेली, विहिरी आटत चाललेल्या. इथं ऑगस्टातलं ऊन कसं असतं ते भाचीला विचारा. पंधरवड्यात सगळं संपलं. अभय मिळाल्यावर त्राँकावेल बोलणी करायला बाहेर गेला आणि परत आलाच नाही. त्याला धरून ठेवलं, आणि नोव्हेंबरात तो स्वतःच्याच किल्ल्याच्या कोठडीत मेला. मुलूख चालून आलेल्या सैन्यातला सरदार सिमाँ द माँफोर याला मिळाला.

इथं मराठी माणसाला पन्हाळा आठवणारच. १६६० चा वेढा, तहाची बोलणी आणि पावसाची रात्र. आमचा राजा बोलण्यांच्या आडून निसटला, हा पोरगा बोलण्यांवर विश्वास ठेवून गेला. मी भाचीला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "प्रत्येक ठिकाणी तुझं आपलं पन्हाळा." खरंय. कोल्हापुरात लहानपण गेलेल्या माणसाचा नाइलाज असतो.

पण वेढ्यानंतर काय झालं हे वाचताना मी थबकले. गावाला जीवदान मिळालं, बेझिएसारखी कत्तल झाली नाही. मात्र सगळ्या रहिवाशांनी अंगावरच्या सदऱ्यानिशी बाहेर पडायचं, बाकी घरदार, भांडीकुंडी, धान्य जिथल्या तिथं सोडायचं. त्या काळच्या एका इतिवृत्तकारानं लिहून ठेवलंय की आपल्या पापांखेरीज त्यांनी बरोबर काही नेलं नाही. वाक्य मोठं टाळीचं आहे, लिहिणारा अर्थात जिंकणाऱ्यांच्या बाजूचा. मला दिसत राहिले ते दरवाजातून रांगेनं निघालेले लोक. कुणी चुलीवर काही ठेवलं असेल, कुणाचं जोंधळ्याएवढं का होईना सोनं भिंतीत पुरलेलं असेल. पंधरा दिवस तहानेनं घसा सुकलेला, आणि बाहेर पडल्या पडल्या समोर नदी.

ही पहिली वेळ. दुसरी वेळ १२४० ची. तोवर किल्ला फ्रान्सच्या राजाकडे आला होता. त्राँकावेलच्या मुलानं बापाचं गाव परत घ्यायचा प्रयत्न केला. तटाबाहेरच्या वस्त्यांमधल्या लोकांनी त्याला साथ दिली, राजाची कुमक आली, पोरगा हरला. मग शिक्षा म्हणून त्या वस्त्या पाडल्या आणि माणसं हाकलली. काही वर्षांनी नववा लूई यानं त्यांना परत यायची मुभा दिली, पण टेकडीवर नाही, नदीच्या पलीकडे. ते सकाळी आम्ही तुडवलेलं काटकोनी रस्त्यांचं खालचं शहर म्हणजे या हाकललेल्या माणसांची वसाहत. पुढे १३५५ मध्ये इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड स्वारी करत आला तेव्हा त्यानं वरच्या कोटाला हात लावला नाही, खालचं शहर जाळून टाकलं. म्हणजे दुहेरी तट कामी आला खरा, पण आतल्यांच्या. खाली राहणाऱ्यांनी पुन्हा बांधलं. आज कार्कासोनची वस्ती पंचेचाळीस हजारांच्या घरात आहे ती जवळजवळ सगळी खालीच. कोटाच्या आत राहणारी माणसं जेमतेम काही डझन, आणि वर्षाला पाहायला येणारे वीस लाखांच्या आसपास.

निळ्या दाराच्या बाई त्या काही डझनांतल्या एक.

१६५९ मध्ये स्पेनशी तह झाला, सरहद्द दक्षिणेला पिरेनीज डोंगरांपर्यंत सरकली आणि किल्ल्याला कामच उरलं नाही. खालच्या शहरात लोकरी कापडाचा धंदा भरभराटीला आला, पैसेवाले तिकडे गेले. वर गरीब राहिले. गर्दी इतकी की दोन तटांमधल्या ज्या पट्टीत मघाशी आम्ही विटांवर हात फिरवत होतो, तिथंही घरं उभी राहिली. तटाला पाठ लावून झोपड्या, बुरुजात माग, जंग्यांतून धुराडी. एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांत ही घरं दिसतात, भिंतीला बिलगलेली, वाकडी छपरं, दोरीवर कपडे. तिथं विणकर राहत, मजूर राहत. त्याच काळात तटाचे दगड लोक उपसून नेत होते. लष्करानं तर १८४९ च्या सुमारास हा कोट संरक्षणाच्या यादीतूनच काढला, म्हणजे पाडायला मोकळीक. जुन्या दगडांचा ढीग म्हणून तो विकला गेला असता.

तो वाचला तो दोनतीन हट्टी माणसांमुळे. गावातला क्रो-मेरव्हिय नावाचा वकील, ज्यानं आयुष्यभर याच एका कोटाचा ध्यास घेतला. स्मारकांचा सरकारी निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे. आणि वास्तुविशारद व्हिओले-ल-द्यूक. या शेवटच्यानं आधी चर्चचं काम घेतलं, मग १८५३ पासून तट. १८७९ मध्ये तो गेला तरी काम त्याच्या आराखड्यांवर विसाव्या शतकापर्यंत चालूच राहिलं. त्याचं एक मत प्रसिद्ध आहे: जीर्णोद्धार म्हणजे वास्तू अशा पूर्णत्वाला नेणं, जे पूर्णत्व कदाचित कुठल्याही एका क्षणी अस्तित्वातच नव्हतं. आपल्याकडच्या दुर्गप्रेमींच्या बैठकीत कुणी असं म्हणून बघावं, चहा तसाच राहील आणि बैठक उठेल. पण माणूस प्रामाणिक होता. जे करायचं ते आधी सांगून केलं.

त्याच्यावर सगळ्यात जास्त शिव्या बसल्या त्या छपरांवरून. दक्षिणेतली छपरं उतरती पण पसरट, तांबड्या कौलांची असतात. त्यानं बुरुजांना दिल्या पाटीच्या दगडाच्या टोकदार टोप्या, जशा उत्तरेत बर्फाच्या प्रदेशात शोभतात. पुढे विसाव्या शतकात काही रोमन बुरुजांवरच्या या टोप्या काढून तिथं पसरट कौलारू छपरं घातली. त्यामुळे आज करडी आणि तांबडी अशी दोन्ही छपरं शेजारी शेजारी दिसतात, आणि दोन्ही गटांना आपलंच खरं वाटतं. १९८५ मध्ये जागतिक वारशासाठी अर्ज गेला तेव्हा हेच आडवं आलं: इतक्या नव्या कामाला मध्ययुगीन म्हणायचं कसं? निर्णय लांबला. १९९७ मध्ये मान्यता मिळाली आणि तेव्हा त्या जीर्णोद्धारालाच वारसा म्हटलं गेलं, जतनाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा टप्पा म्हणून. मला यात एक खट्याळ न्याय दिसतो. नक्कल पुरेशी जुनी झाली की तिलाही अस्सल म्हणावं लागतं. मान्यतेच्या विसाव्या वर्षाच्या निमित्तानं २०१८ मध्ये एका स्विस कलाकारानं तटावर प्रचंड पिवळी वर्तुळं काढली होती, पातळ पत्र्याच्या पट्ट्या चिकटवून. गावात चिडलेले लोक म्हणाले, वारसा विद्रूप केला. भाचीनं ती पाहिली होती. तिचं म्हणणं, एका ठरावीक जागेवर उभं राहिलं तरच वर्तुळं जुळायची, जरा हललं की सगळ्या तुकड्यांची फाटाफूट.

छपरांवर दीडशे वर्षं वाद झाला. विणकरांच्या घरांवर कितीसा झाला? तट स्वच्छ दिसावा म्हणून दोन तटांमधली घरं टप्प्याटप्प्यानं विकत घेतली गेली, पाडली गेली, आणि माणसं पुन्हा एकदा पूल ओलांडून किंवा टेकडीच्या पायथ्याला गेली. व्हिओले-ल-द्यूकला ती घरं म्हणजे भिंतीवर चढलेलं शेवाळ वाटलं असणार. मी त्याच्या जागी असते तर? मलाही तेच वाटलं असतं, असं मला त्या पट्टीत चालताना कबूल करावं लागलं. कारण ती पट्टी आज फार देखणी आहे. दोन्हीकडे उंच तट, मधे गवत, वर आकाशाची एक लांबच लांब फीत, आणि वारा त्या फटीतून येताना शीळ घालतो. तिथं धुराडी आणि दोऱ्या असत्या तर ती शीळ ऐकू आली नसती. तिथं पोरं रडली असती, माग खडखडले असते. आणि विटांवर हात फिरवायला मला कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जावं लागलं असतं.

एवढ्यावर संपत नाही. १९४४ मध्ये जर्मन सैन्यानं कोट ताब्यात घेतला, कोटातल्या जुन्या वाड्यात दारूगोळा भरला आणि आतल्या रहिवाशांना बाहेर काढलं. ते युद्ध संपल्यावर परत आले. पण नंतरच्या काळात जे गेले त्यांना कुणी हाकललं नाही. उन्हाळ्यात गाडी दारापर्यंत येत नाही, खालचा किराणावाला बरा पडतो, घर भाड्यानं दिलं तर पैसे चांगले मिळतात. रस्त्यावरच्या बहुतेक तळमजल्यांवर आता लाकडी तलवारी आहेत, प्लॅस्टिकची चिलखतं आहेत, साबण आहेत, लव्हेंडरच्या पुरचुंड्या आहेत. तलवारींच्या दुकानासमोर दोन मुलं खरोखरच्या त्वेषानं लढत होती आणि त्यांची आई मेन्यू वाचत होती.

आम्हीही मेन्यू वाचला. कासुले न खाता इथून कुणी जात नाही. मातीच्या पसरट भांड्यात पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची, बदकाच्या तंगडीची आणि डुकराच्या सॉसेजची तासन्‌तास शिजवलेली जाड उसळच म्हणा. वर भाजून आलेली तपकिरी साय, ती मोडली की खालून वाफ. भाची शाकाहारी, तिला सॅलड आणि बटाटे. मी अर्धं भांडं संपवलं आणि पुढचे दोन तास कुठलाही बुरूज चढायच्या लायकीची राहिले नाही. मग सां-नाझेरमध्ये जाऊन बसलो. १०९६ मध्ये पोप दुसरा अर्बन यानं इथल्या बांधकामाच्या दगडांना आशीर्वाद दिला होता, असं सांगतात. चर्चचा पुढचा भाग जाड खांबांचा, अंधारा, आणि मागचा भाग एकदम उंच, सगळा काचेचा. अंधारातून उजेडाकडे बघत बसायचं. दुपारच्या उन्हात निळ्या-तांबड्या काचांचा रंग फरशीवर पडतो, आणि त्यातून चालणाऱ्या माणसाच्या पांढऱ्या शर्टावर क्षणभर जांभळा डाग उमटतो. एका कोपऱ्यातल्या भिंतीवर वेढ्याचं कोरीव शिल्प आहे, तेराव्या शतकातलं. झिजलेले सैनिक, यंत्रं, तट. कोण कुणाला मारतंय हे आता ओळखू येत नाही, सगळे सारखेच झिजलेत.

परत आल्यावर दिवाळीत कोल्हापूरला गेले तेव्हा पन्हाळ्याला जाणं झालंच. आपले बारा किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. आपण सगळ्यांनी फटाके वाजवले, मीही आनंदानं मेसेज पुढे पाठवले. पण यादीत नाव यायच्या आधीच्या महिन्यांत पन्हाळ्याच्या रहिवाशांनी विरोध केला होता, हे तेव्हा वाचूनही मी फारसं मनावर घेतलं नव्हतं. कारण पन्हाळा हा किल्ला तसाच गाव आहे. तिथं नगरपरिषद आहे, शाळा आहेत, लॉजेस आहेत, घरं आहेत, दोरीवर कपडे आहेत. उद्या बांधकामावर निर्बंध आले तर, धंदे उठवले तर, आपल्यालाच खाली जा म्हणाले तर, अशी त्यांची भीती. तसं काही होणार नाही असं सांगण्यात आलं. मला त्यावर विश्वास ठेवायला आवडेल. पण कार्कासोनच्या विणकरांनाही पहिल्या दिवशी कुणी येऊन सांगितलं नसेल की तुम्ही सौंदर्याच्या आड येता. ते हळूहळू ठरत जातं, एकेका नकाशात, एकेका चांगल्या हेतूच्या फायलीत.

आणि तरीही, तीन दरवाजाच्या आतल्या कमानीवरचं नक्षीकाम बघताना शेजारी लटकलेला शीतपेयाचा फलक दिसला, तेव्हा हे काढायला हवं असं माझ्याच मनात आलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटतात, त्याला माझा इलाज नाही. फलक काढावा, हे मला पटतं. फलक लावणारी राहावी, हेही पटतं. या दोहोंच्या मधे रेघ कुठं मारायची ते मला सांगता येत नाही, आणि ज्यांना ती चटकन मारता येते त्यांच्याकडे मी हल्ली जरा सावधपणे बघते.

अंधारबावेजवळ एक मावशी झुणका-भाकरी विकतात. लहानपणापासून त्यांच्याकडे खाते, त्यांच्या सासूच्या हातचीही खाल्लीय. भाकरी थापता थापता त्यांनी फ्रान्सचं विचारलं, मी मोबाइलवर फोटो दाखवले. तट पाहून त्या म्हणाल्या, "लई गुळगुळीत ठेवलाय." मग मी त्यांना पाण्याच्या बाटल्या घेऊन जाणाऱ्या बाईंबद्दल सांगितलं. त्यांचा फोटो माझ्याकडे नव्हता, त्या मुलाच्या फोटोतही नसणार. मावशींना भिंतीला टेकण्याच्या गोष्टीत काही विशेष वाटलं नाही. त्यांनी दुसरंच विचारलं.

"आन् त्या बाईला घराची कौलं बदलायची झाली, तर कुणाला इचारावं लागतंय?"

मी म्हटलं, तिथंही परवानगी लागतेच. वारशाच्या वास्तूंसाठी सरकारी आर्किटेक्ट असतात, कौलाच्या रंगापासून खिडकीच्या लाकडापर्यंत सगळं त्यांच्या संमतीनं करावं लागतं.

"आन् खर्च?"

काही कामांना मदत मिळते, काहींना नाही, मी म्हणाले.

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, निखाऱ्यावर टाकली, ती टम्म फुगली. "मग आमच्यातल्या पोरांस्नी नीट बोलाय सांगा की त्यांच्यासंगं," त्या म्हणाल्या. "कसं राह्यले त्ये, काय काय लिवून दिलं त्यास्नी, कागूद कुठला लागतोय. तुमची भाची हाय न्हवं तिकडं? तिला म्हणावं, पुढल्या बारीला गेलीस की त्या बाईचं दार वाजव."